शामकांतांनी सिंहाचं कपाळ पुसलं

"डाग मला बघूनच निम्मा पळतो, आप्पासाहेब! उरलेला निम्मा मी पळवतो!"

शामकांत हे म्हणाले तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. दुपारी एकच्या आत त्यांना स्वतःलाच श्रीगोंद्यातून पळून जावंसं वाटणार होतं, पण दहा वाजता मात्र माणूस कसा ताठ होता!

हा ताठा उगीच नव्हता. छत्तीस वर्षं ते गावातल्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते. भिंगावर कुणाच्या बोटाचा ठसा दिसला की त्यांना डबा गोड लागत नसे. निवृत्तीनंतर घरातलं सगळं पुसून संपलं, तेव्हा ते गावाकडे वळले. त्यांची बायको लीना स्वतःचा चष्मा त्यांच्यापासून लपवून ठेवायची. एकदा त्यांनी काचा इतक्या घासल्या होत्या की नंबरच बदलला, असं ती शपथेवर सांगते!

आज पाळी होती आप्पासाहेबांच्या पिनबॉलच्या मशीनची. आप्पासाहेब ऊसवाले, शिवाय दौंड रस्त्याला त्यांचं हॉटेल. वीस वर्षांपूर्वी त्यांनी पुण्यातल्या एका बंद पडलेल्या गेम पार्लरमधून हे धूड गिऱ्हाइकांसाठी आणलं. उतरती फळी, वर काच, आत लोखंडी गोळी. खटका ओढून गोळी वर उडवायची आणि बटणं दाबून दोन पट्ट्यांनी ती खाली पडण्याआधी पुन्हा वर टोलवायची. फळीवर विलायती सर्कशीचं रंगीत चित्र. गिऱ्हाइकांपेक्षा जास्त खेळली ती आप्पासाहेबांची बायको बनुबाई. माणसं बिल द्यायला ताटकळायची आणि बनुबाई गल्ला सोडून ओरडायच्या, "थांबा वो जरा, शेवटची गोळी हाय!"

मागच्या माघात बनुबाई गेल्या. तेव्हापासून मशीनला कुणी हात लावला नव्हता. आता रविवारी वर्षश्राद्ध होतं. लेक मोनिका जामखेडहून आजच येणार होती, आणि आईचा खेळ तिला चालू दिसावा एवढीच आप्पासाहेबांची इच्छा होती. पण फोडणीचा चिकटा आणि धूळ बसून गोळी फळीवर मधेच थांबायची.

"सर, समदं पुसा," आप्पासाहेब म्हणाले. "फकस्त त्यो वरच्या कोपऱ्यातला सिंव्ह हाय न्हवं, त्याच्या—"

"सिंहाचा तर आरसा करतो! तुम्ही ऊसतोडीकडे बघा."

"व्हय, पन त्याच्या कपाळाला—"

"कपाळ, आयाळ, शेपूट! काही सोडत नाही!"

बाहेर ट्रॅक्टरवाला हॉर्न बडवत होता. आप्पासाहेब डोक्यावरची टोपी सारखी करत, मागे बघत बघत गेले.

शामकांतांनी काच सरकवून काढली. गोळ्या काढल्या, रबरी कडी काढली, कुठलं कुठे होतं त्याचे मोबाईलवर फोटो काढले. फळीला पाणी लावायचं नाही, हे त्यांनी तीन व्हिडिओ बघून पाठ केलं होतं. म्हणून लायटरमध्ये भरायचं पेट्रोल फडक्यावर घेऊन त्यांनी हलक्या हाताने पुसायला घेतलं. काय मळ निघाला! जोकर गोरा झाला, हत्तीला सोंड असल्याचं पहिल्यांदाच कळलं. वरच्या कोपऱ्यात, जिथं गोळी पोचतच नाही, तिथं सिंहाच्या कपाळावर एक तांबडा-पिवळा डाग होता. "गंज!" शामकांत म्हणाले. डाग चिवट निघाला, पण शामकांत त्याहून चिवट! मग गाडीला लावायच्या मेणाच्या पॉलिशचे दोन हात दिले. फळी अशी झाली की माशी बसली आणि घसरत खाली गेली!

काच बसवायची तेवढी ठेवून बाकी सगळं आवरून ते हात पुसत उभे राहिले, तोच मोनिकाचा फोन आला.

"सर, बाबांचा फोन लागंना. तुमी आज मशीन पुसताय, असं म्हनले हुते. काच काढली का तुमी?"

"काढली म्हणजे काय! येऊन बघ!"

"त्यासाठीच लवकर निघाले. आईनं खंडेनवमीला सिंहाला हळदकुंकू लावलेलं. दर साली लावायची. मिक्सरला, फ्रीजला, मग काच काढून सिंहाला. देवीचं वाहन म्हनायची. साड्या वाटून टाकल्या, सर. फोटोत ती हसत न्हाई. तिच्या हातचं एवढंच राहिलंय. हाय ना?"

शामकांतांनी फळीकडे बघितलं. सिंह कोऱ्या कपाळाने त्यांच्याकडे बघत होता.

"आहे, आहे!" ते म्हणाले. "जसंच्या तसं!"

"कर्जत सोडलंय. आलेच."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदाच शामकांतांना एक डाग हवा होता! ते धावत हॉटेलच्या देव्हाऱ्याकडे गेले, कुंकवाची कोयरी आणली आणि चिमूट सिंहाच्या कपाळी लावली. मेणावर ती ठरेना. पाण्यात कालवून लावली, तर थेंब गोल होऊन घरंगळला. तेलात लावली, तर कुंकू सिंहाच्या नाकावरून, जोकराच्या टोपीवरून थेट खाली! मेण काढावं म्हणून त्यांनी दुसऱ्या फडक्यावर पुन्हा पेट्रोल घेतलं आणि घाईघाईत जोर लावला. मेण निघालं. पाठोपाठ सिंहाचं कपाळही निघालं. खालचं लाकूड दिसायला लागलं!

आता त्यांना एखाद्या बाईचं बारीक बोट हवं होतं. ते भटारखान्यात गेले. लंकाबाई भाकरी थापत होत्या.

"लंकाबाई, जरा तुमचं बोट देता का?"

"आँ? वय काय तुमचं, सर?" लंकाबाईंनी उलथनं उचललं.

"अहो, तसं नाही!" आणि घाम पुसत त्यांनी सगळं सांगितलं.

लंकाबाईंनी उलथनं खाली ठेवलं. त्या बनुबाईंच्या हाताखाली पंधरा वर्षं होत्या. "तुमी ते पुसलं?" एवढंच त्यांनी विचारलं. मग तव्यावरची भाकरी उलटली. "म्या न्हाई लावनार. बनुबाईच्या नावानं खोटं बोट म्या न्हाई लावनार. खरं सांगून टाका."

हे ऐकायला हवं होतं. पण शामकांतांनी आयुष्यात कुणाचं पूर्ण ऐकलं होतं म्हणून आज ऐकणार? त्यांनी कुंकू डिंकात कालवलं आणि स्वतःच्या अंगठ्याने दाबून लावलं. सिंह चौकटीला टाळकं आपटून आल्यासारखा दिसायला लागला.

तेवढ्यात गाडी आली. वाटेत फाट्यावर भेटलेल्या बापालाही मोनिकाने गाडीत घेतलं होतं. दोघं आत आले. मोनिका चप्पल काढून मशीनवर वाकली. बराच वेळ वाकून राहिली.

"बाबा, हळद न्हाई."

आप्पासाहेबही वाकले. "आन् बोट केवढं ह्ये! बनूचं तर करंगळीवानी हुतं."

शामकांतांना वाटलं, आता कुणीतरी ओरडावं. शिव्या घालाव्यात. उलथनं घेऊन लंकाबाई आल्या तरी चालतील!

"मी पुसलं, आप्पासाहेब," ते म्हणाले. "मला गंज वाटला. तुम्ही सांगत होतात, मी ऐकून घेतलं नाही. मोनिका, तुझ्याशी फोनवर खोटं बोललो. चुकलो मी, फार चुकलो."

मोनिकाने पदराने डोळे पुसले. आप्पासाहेब फळीवरून नुसता हात फिरवत राहिले. मग एकदम थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आरं, मग त्ये फडक्यात असंल की! मोनिका, रडू नगं. कुंकू जाऊन जातंय कुठं? फडकं देवाऱ्यात ठिवू. कुठाय, सर, त्ये फडकं?"

मोनिकानेही आशेनं मान वर केली.

शामकांतांनी मागच्या दाराकडे बघितलं. बाहेर तारेवर फडकं वाळत होतं. मळकं फडकं त्यांना बघवत नसे, म्हणून पॉलिश झाल्याबरोबर त्यांनी ते गरम पाण्यात, साबण लावून, दोनदा धुतलं होतं. कुठे डाग म्हणून नव्हता.