पुन्हा म्हणजे अपूर्ण

लहान मुलाला चित्रांचं पुस्तक वाचून दाखवलं, की शेवटचं पान मिटायच्या आत ते ‘पुन्हा!’ म्हणतं. हा प्रकार पूर्वापार चालत आलेला आहे. त्याविरुद्ध आजवर कोणत्याही यंत्रणेने कसलीही कारवाई केली नव्हती, ही मात्र गंभीर बाब होती. आमच्या वाचनालयाच्या बालविभागाने ती उणीव यंदा भरून काढली आणि माझी भाची त्या कारवाईची पहिली लाभार्थी ठरली.

भाचीला आम्ही सगळे गुंडी म्हणतो. वय चार. तिची आई, म्हणजे माझी ताई, दिवसभर कचेरीत असते. त्यामुळे गुंडीला वाचनालयात नेण्याची जबाबदारी बिनकामाच्या मामावर, म्हणजे माझ्यावर. मी घड्याळं दुरुस्त करतो. पण घरात बसून करतो, म्हणून आमच्याकडे त्याला काम म्हणत नाहीत.

गुंडीचं पुस्तक एकच, ‘हत्तीचं पांघरूण’. हत्तीला थंडी वाजते. पांघरूण डोक्यावर ओढलं तर पाय उघडे, पायांवर ओढलं तर कान उघडे. पान उलटलं, की गुंडी किंचाळते, “पाय उघडे!” पुढच्या पानाला, “कान उघडे!” शेवटी हत्ती वैतागून पांघरूण उंदराला देऊन टाकतो आणि स्वतः उन्हात जाऊन घोरत पडतो. मी हत्तीचा आवाज पोटातून काढतो, उंदराचा नाकातून. गोष्ट संपली, की गुंडी माझ्या मांडीवर उड्या मारत ओरडते, “पुन्हा!” माझा घसा बसतो. पण खोटं कशाला बोलू, मजा मलाही येते.

एके दुपारी असाच हत्ती घोरायला लागला, गुंडी ओरडली, तोच ग्रंथपालबाई लगबगीने आल्या.

“मामा, आत्ता ही काय म्हणाली?”

“पुन्हा म्हणाली.”

“अगं बाई! म्हणजे समजलं नाही तिला.”

“समजलं नाही? अहो, तोंडपाठ आहे तिला!”

“पाठ असणं वेगळं, समजणं वेगळं. समजलं असतं तर पुन्हा कशाला म्हणाली असती?”

बाई स्वभावाने वाईट नाहीत. पण नवा आदेश भिंतीवर लागला होता आणि भिंतीवर लागलेल्या कागदापुढे त्यांचं काही चालत नाही. आदेशात म्हटलं होतं: ‘वाचनानंतर बालकाने “पुन्हा” अथवा तत्सम उद्गार काढल्यास प्रथम वाचन निष्फळ झाले असे समजण्यात यावे.’ गुंडीच्या कार्डावर शेरा पडला, ‘आकलन अपूर्ण’. हा शेरा निघेपर्यंत तिला बालवाडीच्या मोठ्या गटात घेणार नव्हते.

घरी ताईने कार्ड पाहिलं आणि मटकन खाली बसली.

“अपूर्ण? माझी मुलगी अपूर्ण?”

“अगं, तिला आवडतं ते पुस्तक. बस, एवढंच आहे.”

“आवडून काय होतंय? ती समोरच्यांची पोरगी हिच्याहून लहान. तिने अख्खं कपाट संपवलंय! आमचं घोडं अजून हत्तीपाशीच अडलंय.”

“कपाट संपवायला ती पोरगी आहे की वाळवी?”

“तू तर बोलूच नकोस! तुझ्या त्या आवाजांनीच बिघडलीय ती.”

विशेष म्हणजे तज्ज्ञांचंही मत ताईसारखंच पडलं. गुंडीसाठी ‘उपचारात्मक वाचन’ मंजूर झालं, त्यात मला प्राण्यांचे आवाज काढण्यास मनाई करण्यात आली. हत्तीचा प्रमाणित आवाज कोणता, हा प्रश्न समितीपुढे प्रलंबित होता. निकाल लागेपर्यंत हत्तीने माणसासारखंच बोलायचं होतं. दुसरं कारण सापडलं चित्रांचं. चित्रं पाहण्याच्या नादात मूल पुस्तकात रमतं आणि रमल्यामुळे पुढे सरकत नाही, असं निदान झालं. मग चित्रांच्या पुस्तकातल्या सगळ्या चित्रांवर कोरे कागद चिकटवण्यात आले.

आम्ही उपचाराला बसलो. बाई शेजारी उभ्या. मी पहिलं पान उघडलं.

“हत्ती कुठाय?” गुंडीने विचारलं.

“कागदाखाली.”

गुंडीने तो पांढरा कागद नीट न्याहाळला. हळूहळू तिचे डोळे मोठे झाले.

“मामा! त्याला मोठ्ठं पांघरूण मिळालं! पाय झाकले! कानपण झाकले!” आणि टाळ्या पिटत म्हणाली, “पुन्हा!”

मला हसू आवरेना. बाईंनाही फुटलं, पण त्या कामावर होत्या. त्यांनी तोंड फिरवून हसून घेतलं आणि कार्डावर लिहिलं, ‘उपचारास प्रतिसाद नाही’.

मग प्रकरण वर गेलं आणि वरून समन्वयक साहेब खाली आले. बालविभागातल्या बुटक्या खुर्चीवर ते बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागत होते, पण त्यामुळे त्यांच्या गांभीर्यात तसूभरही फरक पडला नाही. आधी त्यांनी गुंडीला जवळ बोलावलं.

“बाळ, गोष्टीचं तात्पर्य काय?”

“पाय उघडे,” गुंडी म्हणाली.

साहेबांनी मान डोलावली. “अंथरूण पाहून पाय पसरावे. मुलगी उत्तराच्या जवळपास आहे.”

“साहेब, ते अंथरूण,” मी म्हणालो. “हत्तीकडे पांघरूण आहे.”

“खात्याच्या दृष्टीने दोन्ही एकाच सदरात येतात.”

आता मात्र माझं टाळकं सटकलं. “अहो, पोरगी खूश होऊन पुन्हा म्हणते! यात अपूर्ण काय आहे?”

साहेब शांतपणे म्हणाले, “हे पाहा, माझी सगळी नोकरी लोकांना ‘पुन्हा या’ सांगण्यात गेली. ज्याचं काम झालेलं नसतं, तोच पुन्हा येतो. हा अनुभव आहे.”

“जिथे बरं वाटतं, तिथेही माणूस पुन्हा जातो की.”

“आमच्याकडे तसा अद्याप कोणी आलेला नाही.”

“पण ही कल्पना निघाली तरी कुणाच्या सुपीक डोक्यातून?”

“पालकांच्या. आमच्या डोक्यातून काही निघत नाही. पालकच येऊन म्हणाले, पोरं रोज तेच पुस्तक आणून बसतात, वाचून वाचून आम्हाला वीट आला, शेजारची पोरं पुढे गेली, काहीतरी करा. आम्ही केलं.”

ताई त्या दिवशी रजा काढून आली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली होती.

उपाय साहेबांनीच सुचवला. वाचन संपल्यावर बालकाने ‘समजलं’ असं एकदा स्पष्ट उच्चारावं, की शेरा रद्द. ताईने लगेच कंबर कसली. जेवताना, अंघोळ घालताना, वेणी घालताना सराव सुरू झाला. “समजलं?” “समजलं.” “मोठ्याने!” “समजलं!” दूध उतू गेलं तरी गुंडी म्हणायची, समजलं.

परीक्षेच्या दिवशी औषधाच्या बाटलीवरची सूचना वाचावी, तशी मी ती गोष्ट वाचली. मध्ये गुंडी एकदाही किंचाळली नाही. शेवटचं पान झालं. तिने माझ्याकडे पाहिलं, ओठांचा चंबू केला, ‘पु’ अगदी बाहेर यायच्या बेतात होता. समोरून ताईने डोळे वटारले.

“समजलं,” गुंडी म्हणाली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी तिच्या फ्रॉकवर ‘प्रगत वाचक’ असा बिल्ला लावला. बाईंनी कपाटातलं पुढचं पुस्तक तिच्या हातात दिलं. गुंडीने ते न उघडताच सांगितलं, “समजलं.” पुन्हा टाळ्या. त्या दुपारी तिने अर्धं कपाट संपवलं. समोरच्यांची पोरगी मागे पडली, तेव्हा ताईचे डोळे भरून आले.

मला मात्र चैन पडेना. मी बाईंच्या हातापाया पडून हत्तीचं पुस्तक घरी आणलं, घड्याळाच्या चिमट्याने एकेक कागद जपून सोडवला, आणि गुंडीला हाक मारली, थेट पोटातून, हत्तीच्या आवाजात. ती आली. मी पान उघडलं. पांघरुणाबाहेर ते चार गलेलठ्ठ पाय.

“बघ गुंडे, काय उघडे?”

गुंडीने चित्राकडे एकदाच पाहिलं. “समजलं,” म्हणाली, आणि टाळ्यांची वाट पाहत उभी राहिली.

माझे हात उठेनात. टाळ्या ताईने वाजवल्या, स्वयंपाकघरातून. म्हणाली, “बघ, कशी शहाणी झाली माझी बाय. नाहीतर तुझा घसा बसला असता आज!”

असो. ही गोष्ट तुम्हाला एका वाचनातच समजली असेल. तात्पर्यही सापडलं असेल. पुन्हा वाचावीशी काही वाटत नसेल. शाब्बास, छाती पुढे करा, बिल्ला लावतो.