आसेगावच्या टेकडीवरची पहार

त्या रविवारी मी आसेगावच्या टेकडीवरून नागपूरशी बोलणार होतो, तेही मधे एकही तार नसताना! वाशीमच्या तार ऑफिसात नऊ वर्षं दुसऱ्यांचेच निरोप पाठवणाऱ्या माणसाने अडतीस साली स्वतःची बिनतारी पेटी बनवली, सरकारी परवाना काढला, याचं कौतुक फक्त माझ्या बायकोला, विजयमालेला होतं. सासऱ्यांना मुळीच नव्हतं.

"जावईबापू," नानाजी म्हणाले होते, "पेटी माह्यासमोर बोलली तर ठेवा. नाही बोलली तर टाका कोठीत, अन् सुटीच्या दिवशी वावरात येत जा. मोटारीची बॅटरी मी देतो."

मी लगेच हो म्हटलं. हरायचा प्रश्नच नव्हता. नागपूरचा एक हौशी रेडिओवाला बरोबर अकराला माझी वाट पाहणार होता.

बॅटरी डोक्यावर घेऊन माझा दोस्त रज्जाक सायकलवाला चढत होता. अर्ध्यावर तो टेकला. "तारबाबू, नागपूर इथून ऐकू येते तर घरून काहून नाही येत?"

"उंचावरून लांब जातं."

"मंग बॅटरीले खाली ठेवू द्या न."

नऊ वाजता नानाजींबरोबर माथ्यावर पोहोचलो. दोन कडुनिंबांमध्ये तार ताणली. पेटीची दुसरी तार जमिनीला जोडावी लागते. त्यासाठी नानाजींच्याच वावरातली लोखंडी पहार मातीत ठोकली आणि तार तिला बांधली. माती कोरडी होती, म्हणून तांब्याने पहारीवर पाणी घातलं. थोड्या वेळाने पुन्हा घातलं. तेवढ्यात गुरांमागे आलेली भुरीबाई जवळ येऊ लागली. तिच्या वहाणांना खिळे होते, जमिनीवरची तार त्यांत अडकून तुटली असती.

"बाई, वहाणा तिकडंच काढा," मी म्हणालो.

तिने वहाणा काढल्या आणि हात जोडले. शिकलेल्या माणसाला अजून मान आहे, असं वाटून मला फार बरं वाटलं.

मग मी पहारीकडे पाठ करून मांडी घातली, कानांना यंत्र लावलं, डोळे मिटले आणि अक्षरं पुटपुटत बटण दाबू लागलो. अकरा वाजून चार मिनिटांनी नागपूर बोललं. खरंच बोललं! मला रडूच आलं.

"नानाजी, लवकर या. ऐका."

नानाजी मागून आले, यंत्र कानाला लावलं, बराच वेळ लावून ठेवलं.

"काई नाही."

मी ऐकलं. काहीच नव्हतं. पेटी तपासली, बॅटरी तपासली, मग तारेमागे तारेमागे गेलो. तारेचं टोक नीट गुंडाळून एका धोंड्यावर ठेवलेलं होतं. पहार वरपासून खालपर्यंत तेलाशेंदराने लाल झाली होती. पुढे फुलं, आणि भोवती भुरीबाईसकट गावातल्या सहा बाया.

"तार कोणी सोडली?"

"म्या सोडली," भुरीबाई म्हणाली. "देवाले असं बांधून ठेवतेत का?"

"अहो, ही पहार आहे."

"तुमीच पानी घातलं, वहाना काढाले लावल्या, डोये मिटून जप केला. अन् आता पहार म्हनता?"

मी तार बांधायला हात पुढे केला, तशा सहाही बाया उभ्या राहिल्या.

"तारबाबू, राहू द्या," रज्जाक हळूच म्हणाला. "आपल्याले खाली उतराचं आहे."

नागपूर गेलं. पेटी कोठीत गेली. उतरताना मला नानाजींचा भयंकर राग आला होता.

"पहार तुमचीच ना? मग त्यांना सांगितलं का नाही?"

"कसं सांगू?" नानाजी खाली पाहत म्हणाले. "मीच पयले नवस बोललो. म्हटलं, जावयाचं हे येड जाऊ दे, नारळ फोडतो."

पुढच्या रविवारी त्यांनी नारळ फोडला. वर वाहून नेला मी. खोटं कशाला सांगू, मीही हात जोडून पेटी परत मागितली. अजून काही तो देव पावलेला नाही. ठोकताना मी चार घाव जास्तच घातले होते, तेच लक्षात ठेवलेलं दिसतं.