दोन घंट्या आणि इंगळेमामा

दोन घंट्या दिल्या की मोटार हलते, हे धाड गावच्या बाजारातल्या शेळीलाही ठाऊक होतं. इंगळेमामांची मोटार मात्र हलत नसे.

बुलढाण्याच्या डेपोत मी नवा कंडक्टर लागलो, तेव्हा माझी जोडी याच ड्रायव्हरशी लावली. पहिल्याच फेरीला मी ऐटीत दोरी ओढली. टण टण. मामा समोर बघत स्वस्थ. पुन्हा टण टण. मागून माणसं ओरडू लागली. मी दातओठ खात पुढे गेलो.

"अहो मामा, घंटी ऐकू येत नाही का?"

"येते ना. काऊन नाई येनार?"

"मग काढा की गाडी!"

"घंटी देवाले वाजोतात, नाही त शायेतल्या पोट्ट्याइले. मानसाले 'चला' म्हनतात बे."

"चला!" मी फणकारलो.

"कोन चला?"

"चला मामा!"

"हाव, निंगू," म्हणाले, आणि गाडी अशी अलगद काढली की टपावरच्या टोपल्यातली कोंबडीही कुरकुरली नाही.

मामा खाजगी मोटारींच्या जमान्यातले. तेव्हा क्लीनर पत्र्यावर थाप मारून हाक द्यायचा. मग गाड्या सरकारी झाल्या, दोरी आली, आणि दोरीमागून आमच्यासारखी नियमाची पोरं आली. "तुमी पोट्टे तोंडाचं काम दोरीले लावून राह्यले," ही त्यांची कायमची तक्रार. माझ्याआधी तीन कंडक्टर त्यांना कंटाळून जोडी बदलून गेले होते. मीही कंट्रोलरपुढे जाऊन उभा राहिलो. त्याने मान वर न करता सांगितलं, "खुशाल सोड. आता दुसरा कोणी मिळायचा नाही. म्हातारा शेडमध्ये गाड्या धुवील."

काय करता? राहिलो. राग तर माझ्या नाकावर. रोज चडफडत दोरी ओढायचो, ती नियमासाठी; आणि मग 'चला मामा' म्हणायचो, ते गाडीसाठी. संध्याकाळी डेपोत उतरताना मामा हळूच विचारायचे, "उद्या येशीन ना बे?"

"न येऊन सांगतो कुणाला?" मी म्हणायचो. तेवढ्यावर स्वारी खूष.

एका बाजाराच्या दिवशी धाडला तपासनीस चढला. मी धावत जाऊन मामांच्या कानाशी लागलो, "आज घंटीवर काढा. पाया पडतो तुमच्या."

"हाव," म्हणाले.

टण टण. गाडी जागची हलेना. साहेबाने घड्याळ पाहिलं. मी पुन्हा दोरी ओढली. छे! शेवटी माझ्याच तोंडून गेलं, "चला मामा!" आणि मोटार निघाली. साहेब काय समजायचं ते समजला.

आठवड्याच्या आत मामांची गाडी काढून घेतली आणि त्यांना शेडमध्ये टाकलं. मी तणतणत तिथे गेलो.

"एक दिवस, मामा! एक दिवस क्लचवरून पाय उचलला असता तर काय बिघडलं असतं?"

मामा चाकावरचा चिखल खरवडत होते. "उचलत होतो बे. उचललाच गेला नाई." मग खरवडणं थांबलं. "तुही मामी होती तवा म्हने, चला आंघोयीले, चला जेवाले. ते गेली. आता घरी कोनी चला म्हनत नाई. दिवसभर तुह्याच तोंडून आयकत होतो."

भांडायला आलो होतो, ते राहूनच गेलं.

तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. शेडमधले सगळे हात धुऊन उठले. मामा तसेच चाकापाशी. घंटीवर न हलणारा माणूस भोंग्यावर कसला उठतो!

माझी फेरी सुटायला वेळ होता. मी पिशवीतून डबा काढला.

"चला मामा. जेवाले चला."

त्यांनी वर पाहिलं. ओले हात खाकी सदऱ्याला पुसले. "हाव, निंगू," म्हणाले; पण चेहरा चाकाकडे फिरवून बसले, आणि निघायला जरा वेळ लागला.