चाळीस फरार जादूगार आणि राणीचा शिक्का

चौतीस वर्षं परवाना खात्यात मुख्य कारकून होतो मी! माझ्या टेबलावरून विनापरवाना माशीसुद्धा उडून गेली नाही. त्यामुळे लेक जेव्हा म्हणाली, "बाबा, रविवारी दुपारी माझ्याऐवजी जादूगार सांभाळाल का?" तेव्हा मी पेपर खाली न ठेवताच म्हणालो, "त्यात काय एवढं! किती आहेत?"

"चाळीस. आणि सगळे फरार आहेत."

तेव्हा मात्र पेपर खाली ठेवला.

झालं होतं असं, की लेक स्टुलावरून पडून उजवं मनगट मोडून बसली होती. प्लास्टर कोपरापर्यंत. आणि रविवारी तिच्या त्या कॉम्प्युटरवरच्या खेळातलं हंगामाचं शेवटचं युद्ध! एका हाताने ती किल्ल्याचा दरवाजा सांभाळू शकत होती, पण जादूगारांसाठी दुसरा हात कुठून आणणार? तिच्या संघात तिला धरून पाच जण. एक दातांचा डॉक्टर, एक शिंपीण, आणखी दोघं. बाकी सगळे आपापल्या मोर्च्यावर अडकलेले.

"हरलो तर आमचा संघ बंद होणार बाबा," ती म्हणाली. "यादीत आम्ही सगळ्यात खाली आहोत. तीन वर्षं दर रविवारी आम्ही खेळतोय. पहिल्या नोकरीच्या गावात मी एकटी होते ना, तेव्हा दिवसभरात माझ्याशी बोलणारे हे चारच जण होते."

हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी फोनवर रोज विचारायचो, "बरं आहे ना?" आणि ती "हो" म्हणायची. मी म्हणालो, "तू बघच! तुझे जादूगार असे सांभाळतो की राणी स्वतः येऊन पाठ थोपटेल!"

मग तिने मला युद्ध समजावून सांगितलं. आपण राणीच्या बाजूचे. किल्ला आपला. नदीपलीकडे शत्रू. त्यांच्या कप्तानाला सगळे 'पोलादी' म्हणतात, कारण तो आजवर हरलेला नाही. आणि आपले जादूगार म्हणजे परीक्षा न देता, परवाना न घेता जंगलात जादू करत फिरणारी मंडळी. दोन्ही राज्यांच्या कायद्याने गुन्हेगार! पण युद्धात त्यांच्यासारखं कोणी नाही. एक फुंकर मारली की पूल पेटलाच.

"म्हणून पोलादीने या खेपेला सहाशे शिकारी आणलेत," लेक म्हणाली. "शिकाऱ्यांवर जादू चालत नाही. राज्यातला शेवटचा फरार जादूगार संपेपर्यंत थांबायचं नाही अशी त्यांची शपथच असते; दिसला की ते कापतातच. तुम्ही यांना पाणचक्कीत लपवून ठेवायचं. मी 'आता!' म्हटलं की हे लाल बटण. ते पूल जाळतील. बाकी कशालाही हात लावायचा नाही. कळलं?"

"अगं, चौतीस वर्षं..."

"बाबा, हात लावायचा नाही!"

जेवणं झाली आणि युद्ध सुरू झालं. लेक खिडकीजवळच्या टेबलाशी, मी कपाटाजवळच्या. पाठीला पाठ. दोघांच्याही डोक्यावर कान झाकणारी ती यंत्रं. दंतवैद्य ओरडत होता, "डावीकडून शिडी लावतायत!" शिंपीण म्हणत होती, "लावू देत, मी बसलेय इथे!" आणि माझ्यासमोर पाणचक्कीत चाळीस जण गुपचूप उभे. पाच मिनिटं झाली. दहा झाली. मला कंटाळा आला हो! म्हणून एका म्हाताऱ्या जादूगारणीवर नुसतं बोट ठेवून पाहिलं.

समोर पाटी आली. नाव: नोंद नाही. पत्ता: नोंद नाही. परवाना: नोंद नाही.

माझ्या अंगावर काटा आला. चाळीस माणसं, आणि एकाचाही कागद नाही! खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'राणीच्या शिक्क्याने माफीपत्र द्यावे?' आता तुम्हीच सांगा, समोर कोरा अर्ज आणि हाताशी शिक्का असताना मी काय करणार होतो? म्हातारीचा अर्ज भरला. पत्ता विचारला तर म्हणे 'जंगल'. जंगल हा काय पत्ता झाला? मी 'नदीकडून तिसरा वड' असं लिहून घेतलं आणि शिक्का मारला. तिच्या अंगावर झळझळीत निळा झगा आला. म्हातारी चक्क रडली!

आणि मग ते घडलं, ज्यामुळे माझं भान सुटलं. उरलेल्या एकोणचाळीस जणांनी रांग लावली!

निवृत्तीनंतर चार वर्षांनी माझ्यासमोर रांग होती. कुणी मध्ये घुसत नव्हतं. मी बाह्या सरसावल्या. "पुढे या. नाव? व्यवसाय? 'विजा पाडणे' असं नाही चालत, 'हवामानविषयक कामे' लिहा. पुढचा!" मी इतका रंगलो की दंतवैद्याचा आरडाओरडा कानात येऊनही डोक्यात शिरेना.

"आता!" लेक किंचाळली. "बाबा, आता!"

"थांब जरा, एकतिसावा चालू आहे!"

"एकतिसावा काय?"

मी दचकून लाल बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. पाटी आली, 'माफी मिळालेल्या जादूगारांना युद्धात जादू करायची असल्यास सात दिवस आधी अर्ज करावा.' नियम म्हणून मला तो मनापासून आवडला, पण वेळ बरोबर नव्हती.

लेक मागे वळली. माझ्या पडद्यावर रांगेने उभे निळे झगे पाहून तिचा चेहराच उतरला. "बाबा... तुम्ही यांना माफ केलंत? सगळ्यांना?"

"सगळ्यांना नाही," मी घाईघाईने म्हणालो. "नऊ राहिलेत."

"काका, काय केलंत हे!" दंतवैद्य कळवळला. एरवी लोकांना कळवळायला लावणारा माणूस! तिकडे सहाशे शिकारी पूल ओलांडून पाणचक्कीकडे निघाले. लेक ओठ दाबून बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचे ते चार आवाज मी एका दुपारात बंद पाडणार होतो. मला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटलं.

पण हात थांबेनात. अर्धवट काम सोडून उठायची सवयच नाही मला! बत्तीस, तेहतीस, चौतीस. दाराला धक्के बसू लागले. अडतीस. एकोणचाळीस. दार मोडलं!

शिकारी आत घुसले आणि निळ्या झग्यांसमोर थबकले. एकाने म्हातारीच्या गळ्यापाशी तलवार नेली. तिने माफीपत्र पुढे केलं. तलवार खाली गेली.

"अरेच्चा!" लेक एकदम उठून उभी राहिली. "शिकाऱ्यांची शपथ! माफी मिळालेल्याला ते हात लावू शकत नाहीत! बाबा, किती राहिले?"

"एक!"

तो एक कोपऱ्यात थरथरत उभा होता, आणि सहाशे शिकारी आता त्याच्याकडेच वळले होते. व्यवसायाचा रकाना कोरा! "काय करतोस रे बाबा तू?" मी पडद्यावर ओरडलो. तो म्हणे, 'काही नाही.' काही नाही कसं लिहू? तेवढ्यात वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन बायको मागून चालली होती.

"अहो, लिहा ना काहीतरी! घरकाम लिहा! माझ्या अर्जांवर इतकी वर्षं तुम्ही तेच लिहीत आलात, कुणी अडवलंय का?"

मी 'घरकाम' लिहिलं आणि शिक्का हाणला. तलवार त्याच्या टाळूपासून वीतभर अंतरावर थांबली.

मग पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली, 'राज्यात एकही फरार जादूगार उरलेला नाही. शिकाऱ्यांची शपथ पूर्ण झाली. शिकारी घरी जात आहेत.'

आणि अहो, ते खरंच निघाले! सहाशेच्या सहाशे! तलवारी म्यान करून, खांद्यावर पडश्या टाकून, पुलावरून परत. आणि समोरून त्याच पुलावर पोलादीची उरलेली सगळी फौज किल्ल्यावर चाल करून येत होती. कुणी मागे हटेना. पूल कुरकुरला, वाकला आणि मधोमध मोडला! पोलादी घोड्यासकट नदीत! जे काम चाळीस फरार जादूगार आगीने करणार होते, ते माझ्या चाळीस अर्जांनी केलं.

"जिंकलो!" शिंपीण एवढ्या जोरात ओरडली की मी डोक्यावरचं यंत्र काढून फेकलं. दंतवैद्य म्हणाला, "काका, आयुष्यभर तुमचे दात फुकट!" पोलादीने सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, "हे कुणी केलं?" मी म्हणालो, "लेखी विचारा, लेखी उत्तर मिळेल!" लेकीने प्लास्टरच्या हाताने मला अशी मिठी मारली की माझी मान आठवडाभर दुखत होती. पण मी कुणाला सांगितलं नाही. ती रडत होती आणि हसतही होती, आणि माझंही तेच चाललं होतं.

संघ वाचला. पुढच्या हंगामाला आठ दिवस आहेत. एक किरकोळ अडचण तेवढी उरलीय. अर्जात लिहायचं शत्रूचं नाव कळतं दोन दिवस आधी आणि अर्ज लागतो सात दिवस आधी, म्हणजे माझे सज्जन जादूगार लढाईत कुचकामी! त्यांना पुन्हा फरार करायचं तर प्रत्येकाच्या हातून एक तरी चोरी व्हायला हवी. ती जबाबदारी अर्थातच माझ्यावर आली.

काल सकाळी पहिली चोरी करायला बसलो. जादूगाराला एका शेतकरणीच्या अंगणात कोंबडी पळवायला पाठवलं. तासाभराने लेक चहा घेऊन आली, पडदा पाहिला आणि कप तसाच हातात धरून उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "चोरी करण्याआधी मालकिणीची सही घ्यायची नसते हो!"