गॅब्रिएलदादांच्या मेंदूतली जीवनसत्त्वं

रोवेनाने मोबाइलवरचा लेख दोनदा वाचला आणि थेट दिराच्या, गॅब्रिएलदादांच्या ताटाकडे बघितलं. मानसिक आजारावरच्या गोळ्यांनी म्हणे मेंदूतली जीवनसत्त्वं कमी होऊ शकतात! दादा तसली एक गोळी गेली बारा वर्षं घेत होते आणि ठणठणीत होते. पण पुढच्या सोमवारी तिची रजा संपत होती. चार वर्षांच्या लेकीला, प्रिन्सीला दिवसभर त्यांच्याच हवाली करायचं होतं.

गोळी बंद करायची नाही, एवढं तिला कळत होतं. तिने ताट बदललं. अंडी, केळी, पालक.

"कलेजी राहिली की!" नवऱ्याने, हिलरीने टोमणा मारला. तिने तो मनावर घेतला.

पण इस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ चालू होता. भुईगावात घरोघरी चाळीस दिवस मटण-कोंबडी बंद. ती चर्चच्या फादरकडे दादांपुरती परवानगी मागायला गेली. फादरनी ती दिली आणि रविवारी मिस्सात, भरल्या चर्चसमोर, मायेने सांगितलं, "आपल्या गॅब्रिएलच्या मेंदूतल्या जीवनसत्त्वांसाठी प्रार्थना करू या."

दुपारपर्यंत ओटीवर माणसं मावेनात. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोण जाणार? रेजिनाआंटीने केळ्यांचा अख्खा घड आणला.

"बाय, कमी झालीत की पार संपली गं?"

अँजेलिनाने गोठवलेली कलेजी पुढे केली. "घे. आमच्याकडे इस्टरपर्यंत नुसती पडून राहायची."

बॅप्टिस्टमामा रोवेनाच्या कानाशी लागले. "चावतो-बिवतो का?"

"भाकरी चावतो, मामा!" आतून गॅब्रिएलदादाच म्हणाले.

कलेजीला मात्र त्यांनी हात लावला नाही. "परवानगी तू आणलीस, तूच खा. माझा उपवास आहे."

अखेर रोवेनाने त्यांचं रक्त तपासून घेतलं आणि शुक्रवारी त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी लेख शेवटपर्यंत वाचला.

"हे प्रयोग उंदरांवरचे आहेत हो. माणसाचं एवढ्यावरून नाही सांगता येत. यांचे रिपोर्ट उत्तम आहेत. गोळी चालू ठेवा."

"माझं ठीक आहे, डॉक्टर," दादा म्हणाले. "मला झोप लागली का, हे बघायला ही रोज तीनदा उठते. तिचं बघा."

डॉक्टरांनी रोवेनाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पाहिली. "तुम्ही आज काय खाल्लंत?"

रोवेना आठवत बसली. आठवेना. तिच्या हातात रक्ततपासणीची चिठ्ठी आली.

बाहेर आल्यावर तिने चाचरत विचारलं, "दादा, सोमवारपासून प्रिन्सीला सांभाळाल ना?"

"मी कधीचा तयार आहे. प्रिन्सीलाही विचारलं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मम्मी बरी होईपर्यंत राहीन तुमच्याकडे."