माशांच्या घरातला तंटा

यशोधराला पुण्याला ट्रेनिंगला जायचं होतं आणि कमळाकरला तिला जाऊ द्यायचं नव्हतं. तसं तो तोंडाने कधी म्हणाला नाही. तोंडाने तो फक्त माशांबद्दल बोलत होता.

कमळाकर अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होता. ड्यूटी संपली की तो घरी येऊन हॉलमधल्या काचेच्या टाकीसमोर स्टूल टाकून बसायचा. टाकीत कॉकाटू नावाच्या बुटक्या सिक्लिड माशांची एकच जोडी होती. उल्हासनगरच्या दुकानदाराला गळ घालून मागवलेली. वर्षभर त्याने त्या जोडीच्या मिनतवाऱ्या केल्या. देशी बदामाची वाळकी पानं टाकून पाणी चहाच्या रंगाचं केलं, करवंटीला भोक पाडून बाळंतिणीची खोली बांधून दिली. शेवटी मादीने मनावर घेतलं. करवंटीत अंडी आली आणि अंड्यांतून डोळ्यांत तेल घालून बघावीत अशी पिल्लं निघाली. स्वतःच्या मुलाच्या, सम्यकच्या, जन्माच्या दिवशी ओव्हरटाइम करणाऱ्या या माणसाने पिल्लांसाठी चक्क रजा टाकली.

यशोधरा हॉस्पिटलात नर्स होती. पुण्याचं पंधरा दिवसांचं ट्रेनिंग केलं की तिला वॉर्डाची इन्चार्ज होता येणार होतं. जाणार की नाही, हे शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

"ही पिवळी बघ," कमळाकर काचेवर बोट ठेवून म्हणायचा, "आई आहे. पिल्लांना मिनिटभर सोडत नाही. हा मोठा रंगीत नर. त्याला ती जवळसुद्धा येऊ देत नाही. निसर्गानेच कामं वाटून दिलीत."

"आणि नर काय करतो?"

"बाहेरून लक्ष ठेवतो."

"म्हणजे टीव्ही बघतो," यशोधरा म्हणायची आणि सम्यकचा डबा भरायला जायची. पण मनातून तिचाही पाय अडकलेला होता. पोरगं जेमतेम सात वर्षांचं, आणि बापाला त्याचा वर्ग कुठल्या मजल्यावर आहे हेही ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी कमळाकरची रजा संपली. यशोधराचीही दिवसभर ड्यूटी. सम्यक शाळेतून आला की घरात कुणी हवं, म्हणून बदलापूरहून जनाआत्या आली. ही कमळाकरची आत्या म्हणजे मोठं प्रस्थ. तिच्या वस्तीतल्या महिला मंडळाची ती अध्यक्ष. कुणी बायकोवर हात उचलला की आत्या जायची, नवऱ्याची गचांडी धरून त्याला अंगणात बसवायची आणि बायकोची माफी मागेपर्यंत आत जाऊ द्यायची नाही. चौकशी वगैरे ती मागाहून करायची.

संध्याकाळी कमळाकर घरी आला तेव्हा आत्या दारातच उभी होती.

"कमळ्या, तुझ्या टाकीतला तंटा मिटवला मी."

"कसला तंटा?"

"अरे, तो पिवळा! जीव केवढासा, पण माज बघ. बायको एवढी देखणी, केशरी शेपटीची, अन् हा तिला कोपऱ्यात कोंबून हाणतोय. पोरांजवळ फिरकू देईना. दुपारभर बघितलं मी. म्हटलं, आता बस झालं!"

"आत्या, काय केलंस तू?"

"काढला भायेर."

कमळाकर आत धावला. स्वयंपाकघरात ओट्यावर बरणीत पिवळी मादी गोल गोल फिरत होती. वर चहाची गाळणी उपडी घातलेली.

"त्याच्याच पाण्यात ठेवलाय," आत्या न्यायाधीशाच्या थाटात म्हणाली. "चपातीचा तुकडा पण टाकलाय. उपाशी ठेवायचं नसतं."

आत्याला समजावत बसायला वेळ नव्हता. कमळाकरने बाल्कनीत जाऊन दुकानदाराला मोबाईल लावला.

"मादी बाहेर, नर आत?" तिकडून शेठ ओरडला. "अरे साईं, ये क्या किया! नर का क्या भरोसा? नाश्ता कर लेगा! पहिले बच्चे देखो, फिर हमको बोलो!"

कमळाकर बॅटरी घेऊन टाकीपुढे बसला. पानांखाली बघितलं, वाळूवर बघितलं. एकही पिल्लू दिसेना. वर्षभराची मेहनत एका दुपारी नराच्या पोटात गेली होती. त्याला खरंच रडू आलं.

तेवढ्यात करवंटीमागून नर आला. हळूहळू, लहान मुलाला चालायला शिकवताना माणूस चालतो तसा. त्याच्या पोटाखाली पिल्लांचा सगळा घोळका होता. एक पिल्लू लांब भरकटलं. नराने वळून ते तोंडात घेतलं. गिळलंच, कमळाकरला वाटलं. नराने ते पिल्लू आणून अलगद घोळक्यात सोडलं.

यशोधरा ड्यूटीवरून आली तेव्हा आत्या टाकीसमोर ऐटीत उभी होती.

"बघ पोरी, त्या दांडगोबाला भायेर काढला, तशी पोरं कशी आईच्या पोटाशी लागली! शेवटी आई ती आईच."

खांद्यावरची पर्स न काढता यशोधरा बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "खरंय आत्या. माझंही मन होत नव्हतंच. उद्या नाही म्हणून कळवते."

कमळाकर जिंकला होता. आता त्याने फक्त गप्प बसायचं होतं. तो बसलाही. कपाळावरचा घाम पुसून त्याने वर्तमानपत्र उघडलं.

"बापाला जमलं असतं का हे?" आत्या पुढे म्हणाली. "बाप बघ, बरणीत चपाती हाणतोय. बापाच्या जातीला मायाच नाही."

वर्तमानपत्र खाली आलं. माणसाने किती सहन करावं?

"आत्या, तो मोठा नर आहे! बाप आहे तो!" कमळाकर उठून टाकीपाशी आला. "बरणीत आहे ती आई. दुपारपासून हा एकटा करतोय सगळं! हरवलेलं पिल्लू तोंडातून आणतो, निजवतो, राखतो. आयुष्यात कधी केलं नव्हतं त्याने, कुणी शिकवलं नाही, तरी..."

एवढं बोलल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या कानांवर पडलं.

यशोधराने पर्स खांद्यावरून काढून खुंटीला लावली. "कुणीच शिकवलं नाही त्याला?"

"नाही," कमळाकर पुटपुटला.

"मग तुमचं सोपं आहे. तुम्हाला मी शिकवीन."

आत्याने बरणी उचलून डोळ्यांजवळ धरली. "अगं बाई! म्हणजे मी लेकुरवाळीला घराबाहेर काढलं होय? कमळ्या, टाक तिला आत."

"आज नको," कमळाकर म्हणाला. "मध्ये गेली तर दोघांची जुंपेल. अन् तिलाही जरा आराम पडू दे."

यशोधरा आतल्या खोलीत गेली. तिने पलंगाखालची बॅग ओढून झटकायला घेतली. सम्यकला भूक लागली होती. कमळाकर थोडा वेळ स्टुलावर बसला, मग उठून स्वयंपाकघरात गेला. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज आले. थोड्या वेळाने तो हातात तांदळाची वाटी घेऊन दारात आला.

"यशोधरा," त्याने विचारलं, "याला पाणी किती घालायचं?"