दौलतभाऊंची कॅन

आमचे शेजारी दौलतभाऊ फुलाचं चित्र काढण्याआधी फुलाला आंघोळ घालतात. वणीत कोळशाची धूळ झेंडूलाही सोडत नाही, म्हणून ओल्या फडक्यानं एकेक पाकळी पुसायची, मग रंगांची डबी मांडून बसायचं. त्या वेळी कोणी जवळ गेलं की एकच वाक्य, "थांबा, ओलं हाये!" चित्र सुरूही झालेलं नसलं तरी हेच. एकदा मी गॅसचा सिलिंडर आल्याचं सांगायला गेले, तरी "थांबा, ओलं हाये." सिलिंडरवाला थांबला नाही.

भाऊ खाणीत डंपर चालवायचे. निवृत्त झाल्यावर हा नाद लागला. फुलं आणि इमारती, तिसरं काही नाही. "माणसं काहून नाही काढत?" म्हटलं, तर म्हणाले, "माणूस हलते, सिस्टर." मी तीस वर्षं आरोग्यसेविका होते, गल्ली मला अजून सिस्टरच म्हणते.

त्यांच्या इमारती मात्र वणीतल्या नव्हेत. त्यांचं गाव खाणीत गेलं. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली आणि नेमकी त्याच खाणीवर. "माह्याच डंपरनं उचलली गावची माती," हे ते भाजीचा भाव सांगावा तसं सांगतात. पण बस त्या रस्त्यानं जायची असली की हटकून पलीकडची खिडकी धरतात. तेच गाव ते आठवून आठवून एकेक घर करत काढत होते. शाळा झाली, देऊळ झालं, चक्कीसुद्धा झाली.

आणखी एक तऱ्हा होती. फुलं रंगवताना पेल्यात नळाचं पाणी, घरं रंगवताना मात्र पलंगाखालच्या एका जुन्या कॅनमधलं, तेही बशीत चमचाभर. मी कारण विचारलं. "फुलाले नळाचं चालते. घराले नाइ." एवढंच. म्हटलं, असतो एकेकाचा सोवळेपणा.

मागच्या वर्षी ते चार दिवस मुकुटबनला मुलीकडे गेले. जाताना मला किल्ली दिली, कुंड्यांना पाणी घालायला. मी गेले आणि सवयीनं पलंगाखाली वाकले. कॅनचं झाकण तडकलेलं, आत तळाशी तांब्याभर पाणी आणि त्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. लोकांचे रांजण उपडे करण्यात माझी सारी नोकरी गेली. मी कॅन उचलली, सगळं पाणी जास्वंदीच्या कुंडीत ओतलं, कॅन घासूनपुसून उन्हात पालथी घातली. वर भाऊ खूश होतील असंही वाटलं.

भाऊ आले. कॅनकडे बघत उभे राहिले.

"यातलं पाणी?"

"ओतून दिलं. अळ्या झाल्या होत्या, भाऊ."

ते ओट्यावर बसले. कॅन मांडीवर घेऊन म्हणाले, "गावच्या विहिरीचं होतं. विहीर बुजवाच्या आदल्या दिवशी भरून आणलतं. आता एक माह्यं घर राह्यलतं काढाचं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. आपलं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं आणि त्याचंच पाणी मी मातीत घातलं. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

पुढे कित्येक दिवस रंगांची डबी उघडली नाही. मी भीतभीत आमच्या फिल्टरचं तांब्याभर पाणी नेऊन दिलं. त्यांनी त्याचा चहा केला आणि मलाच पाजला.

मग एका सकाळी बघते तर भाऊ जास्वंदीचं फूल पुसत होते. मी दुपारी गेले, तेव्हा फळीवर चित्र होतं. पुढे ते लाल फूल, मागे कौलारू घर, निळं दार, दोन पायऱ्या.

मी वाकले. "थांबा, ओलं हाये!" या वेळी ते खरंच ओलं होतं.

"तुमचं घर?"

"हो."

"दारात जास्वंद होती?"

"नव्हती. आता हाये."

मी धीर करून विचारलं, "आणि पाणी?"

"पाणी नळाचंच." भाऊंनी ब्रशनं कुंडी दाखवली. "पण तिले कुठलं पाजलं तुमी, इसरल्या काय?"

मला रडू आलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी कुंडीपाशी बसले आणि पदरानं जास्वंदीचं एक पान पुसलं. पदर काळा झाला. मग दुसरं पान पुसायला घेतलं.